मळी मिळणार नाही

गाळा बघायला मी भर दुपारी गेलो होतो. कसबा बावड्याकडून शिरोलीकडं जाणाऱ्या रस्त्यावर तीन गाळ्यांची ओळ होती आणि त्यातला मधला रिकामा होता. पहिल्या गाळ्यात मालक स्वतः गाड्यांच्या काचांना फिल्म लावत. मी गेलो तेव्हा ते एका गाडीच्या मागच्या सीटवर अनवाणी मांडी घालून बसले होते आणि काचेला नाक लावून रबरी पट्टी फिरवत होते. मी म्हटलं, "गाळा बघायचाय." माझ्याकडं न बघताच ते म्हणाले, "सांजच्याला या."

"आलोच आहे तर बघून जातो की."

"दुपारी समदंच बरं दिसतंय. सांजच्याला या."

मी वैतागलो, पण गेलो. दिवेलागणीला त्यांनी शटर वर केलं आणि आधी मला मागचा कोपरा दाखवला. भिंतीला चांगली हातभर ओल होती. "ही दुपारी उन्हातनं आल्यावर दिसली नसती तुमास्नी," ते म्हणाले. भाडेकरूला ओल आधी दाखवणारा मालक मी तोवर पाहिला नव्हता. गाळा घेतला आणि सात वर्षं त्यांच्या शेजारी काढली.

माझा धंदा रेडियमचा. नंबरप्लेटी, गाडीमागची नावं, देवांची चित्रं, चमकत्या पट्ट्या. त्यात खरं रेडियम कुठलं असायला, पण आमच्याकडं अंधारात चमकणाऱ्या कुठल्याही कागदाला रेडियमच म्हणतात. मालक निपाणीकडचे, लिंगायत. गळ्यात लिंग, अंगात पांढरा सदरा, चष्म्याला काळा दोरा. घरात कानडी आणि दुकानात मराठी असा त्यांचा हिशोब होता, पण पट्टी मारताना मोजायचे ते कानडीतच, ओंदु, एरडु, मूरु. रस्त्यावरचे सगळे त्यांना अण्णा म्हणत. मी मालक म्हणायचो, कारण गाळा त्यांचा होता आणि पहिल्या वर्षी मला त्यांचा रागच यायचा.

राग येण्यासारखी माणसं जशी वागतात तसेच ते वागायचे. काम सुरू करायच्या आधी ते फरशीवर पाणी मारून धूळ बसवत, पंखा बंद करत आणि गिऱ्हाइकाला बाहेर बाकावर बसवून गप्प राहायला सांगत. मागची काच लावायची असली की मलाही कागद कापायचं मशीन बंद करावं लागे, का तर कागदाचं कुसळ उडून फिल्मखाली जातं म्हणे. काचेवर मारायचं पाणी तीनदा फडक्यातून गाळलेलं असे आणि त्यात लहान मुलांचा शाम्पू दोन थेंब. दुसऱ्याच्या गाडीत चढताना चप्पल बाहेर. एकदा एका गिऱ्हाइकाची गाडी आतून इतकी घाण होती की मी म्हटलं, "मालक, इथं तरी घाला चप्पल." ते म्हणाले, "त्यांची घाण त्यांची हाय, माझी कशाला त्यात?"

मला त्यांनी शिकवलेली एकच गोष्ट म्हणजे कोपरा. मी पट्टी कापताना कोपरे टोकदार ठेवायचो, ते दोन महिन्यांत उचलले जायचे. मालकांनी माझ्या हातातून कटर घेतला आणि कोपरा नखाएवढा गोल काढून दाखवला. "टोक ऱ्हायलं की बोट लागतंय, बोट लागलं की सोलतंय. गोल काप." त्यानंतर मी काहीही कापलं तरी कोपरा आपोआप गोल यायचा. अजूनही येतो.

फिल्मच्या छटा कंपनीनं टक्क्यांत ठरवून दिलेल्या असतात. कायदाही टक्क्यांतच बोलतो; पुढच्या आणि मागच्या काचेतून सत्तर टक्के उजेड आत यायला पाहिजे, बाजूच्या काचांतून पन्नास. मालकांना हे तोंडपाठ होतं, पण गिऱ्हाइकाशी ते टक्क्यांत बोलत नसत. "टक्के निवडणुकीत," म्हणायचे. त्यांच्या छटा चारच होत्या. पाणी, रस, काकवी आणि मळी. पाणी म्हणजे लावलीय की नाही कळू नये अशी, रस म्हणजे उसाच्या रसाएवढी, काकवी त्याहून दाट आणि मळी म्हणजे साखर कारखान्यातून निघते तशी ठार काळी. कोल्हापुरात हे कुणाला समजावून सांगावं लागत नसे. यातली मळी ते ठेवतच नव्हते आणि काकवीसुद्धा नमुना म्हणून दाखवून परत कपाटात टाकत.

रोज चार जण मळी मागायला येत म्हणून त्यांनी माझ्याकडून एक पाटी करून घेतली. पिवळ्यावर लाल अक्षरात, "मळी मिळणार नाही." झालं काय, की आठवड्याभरात गुराढोरांसाठी मळी शोधणारे दोन शेतकरी येऊन विचारून गेले, नाही तर कुठं मिळंल? मालकांनी त्यांना बसवून चहा पाजला आणि पत्ता सांगितला. पाटी मात्र काढली नाही.

काच निवडायची ती सांजेलाच, हा त्यांचा नियम. माणूस दुपारी उन्हानं भाजून येतो आणि काळी फिल्म मागतो, आणि ती घेऊन सांजेला गाडी चालवतो, एवढंच त्यांचं म्हणणं. मग निवड कशी व्हायची ते ऐका. गिऱ्हाइकाला स्टिअरिंगवर बसवायचं. त्याच्या शेजारच्या काचेला आतून नमुन्याचा तुकडा पाण्यानं चिकटवायचा आणि त्यातून आरशात बघायला सांगायचं. मग मालक खुंटीवरची काळी घोंगडी डोक्यावरून घेत, रस्ता ओलांडत आणि मागं उसाच्या बांधाला जाऊन उभे राहत. सुरुवातीला ते तिथून ओरडून विचारायचे, "दिसलो काय?" गिऱ्हाईक आवाजावरून "दिसला की" म्हणायचं. ही लबाडी लक्षात आल्यावर त्यांनी ओरडणं बंद केलं. मी दिसलो की हॉर्न मारायचा, असं सांगून ते गुपचूप कुठल्या तरी बाजूनं चालत यायचे. काकवी लावलेली असली की गाडीच्या दाराशी येऊन उभे राहिले तरी हॉर्न वाजत नसे. मग दारावर टकटक करून म्हणायचे, "पावणं, मेलो की मी."

एकदा या घोंगडीमुळं एसटी थांबली. कंडक्टर दार उघडून म्हणाला, "चढा की आजोबा, बघताय काय?" मालक म्हणाले, "जायाचं न्हाय कुठं. दिसतोय का तेवढं बघायलोय." कंडक्टरनं घंटी मारताना जे म्हटलं ते इथं लिहिता येणार नाही.

एका शाळेतल्या बाई आल्या होत्या. त्यांना उन्हानं चेहऱ्यावर चट्टे उठत, डॉक्टरांनी ऊन टाळा म्हणून सांगितलं होतं. बाईंना सगळ्यात काळी फिल्म पाहिजे होती आणि पाटी वाचून त्या रडकुंडीला आल्या. मालकांकडं कोंबड्यांच्या पिल्लांना ऊब द्यायला वापरतात तसला एक लाल बल्ब होता. तो पेटवून त्यांनी आधी कुणाच्या तरी गाडीवरून सोललेली स्वस्तातली काळी फिल्म मध्ये धरली आणि बाईंना हात पुढं करायला सांगितलं. बाईंनी चटका बसून हात मागं घेतला. मग पाण्यासारखी फिल्म धरली, तर हात तसाच राहिला. "आक्का, ही धग झाली. चट्टं उठवणारं ऊन डोळ्याला दिसत न्हाय, त्ये बी हीच आडवती. काळ्याला ऊन भीत न्हाय. सावली येगळी, अंधार येगळा." बाई पुढं दर दिवाळीला त्यांना फराळाचा डबा देऊन जात. मला त्यातले फक्त करंजीचे तुकडे मिळत.

बांधावर उभं राहणाऱ्या माणसाबद्दल लोकांनी गोष्ट रचली नाही तरच नवल. अण्णांचा मुलगा काळ्या काचेच्या गाडीत गेला, तेव्हापासून त्यांचं डोकं असं झालं, हे मला किमान सहा जणांनी खालच्या आवाजात सांगितलं होतं. तीन वर्षं मी त्यावर विश्वास ठेवून मनात हळहळत होतो. शेवटी एकदा न राहवून विषय काढला, तर ते माझ्याकडं बघतच राहिले.

"कोण म्हणलं? पोरगा पुण्याला हाय. टक्कल पडलंय त्येला, बाकी काय झालं न्हाय."

मग म्हणाले, फार वर्षांपूर्वी त्यांनी स्वतःच्याच गाडीला मळी लावली होती. एका सांजेला घरापुढं गाडी मागं घेत होते. मागं त्यांची आई, त्यांच्या कानडीत आव्वा, शेंगा फोडत बसली होती. आव्वा वाचली, परात चेपली. "मी खाली उतरलो. आव्वा माझ्याकडं बघून म्हणली, तू आत हुतास व्हय रं? मला वाटलं मोकळीच गाडी आली." एवढं सांगून ते पाणी गाळायला लागले.

दिव्यांच्या बाबतीत मात्र त्यांच्याशी बोलायचीही सोय नव्हती. हल्ली पोरांना मागचे लाल दिवे धुरकट काळे करून पाहिजे असतात. मोबाइलवर कुणाची तरी गाडी बघायची आणि तसलीच करून मागायची. मालक त्यांना एकच वाक्य ऐकवत. "मागचा दिवा तुझ्यासाठी नसतोय बाबा, तुझ्या मागनं येणाऱ्यासाठी असतोय. त्येला इचारून ये, मग लावतो." उसाच्या हंगामात तर ते माझ्याकडची चमकत्या लाल कागदाची कात्रणं गोळा करत आणि रस्त्यात रांगेनं उभ्या असलेल्या ट्रॉल्यांच्या मागं चिकटवत जात. ट्रॅक्टरवाले कुरकुर करत. मालक म्हणत, "चालव तू पुढं बघून, मागचं मी बघतो."

आता मी काय केलं ते सांगतो.

बावड्यातला एक तरुण होता, शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत कामाला. सेकंडहँड लाल गाडी घेतली होती आणि तिच्यावर त्याचा फार जीव. मागचे दिवे काळे करून मागायला तो दोनदा आला आणि दोनदा ते वाक्य ऐकून गेला. तिसऱ्यांदा आला ती पौर्णिमा होती. मालकीणबाईंचं माहेर शिरोळकडचं, त्यांना घेऊन मालक दर पौर्णिमेला नृसिंहवाडीला जात, म्हणून त्यांचं शटर बंद होतं. तो माझ्याकडं आला आणि हसत म्हणाला, "मागच्याला इचारून आलोय, व्हय म्हणला." मलाही हसू आलं. शिवाय मनात एक जुनी अढी होती. मालकांनी परत पाठवलेलं गिऱ्हाईक तोंड वाकडं करून माझ्या गाळ्यापुढून निघून जाई, आणि मालक म्हणतील तेच खरं, याचा मला कंटाळा आला होता. माझ्याकडं नंबरप्लेटीसाठीचा काळसर पारदर्शक कागद होता. वीस मिनिटांत दोन्ही दिव्यांवर लावून दिला. काम झकास झालं होतं. त्यानं फोटो काढले. घरी जाऊन त्यानं सांगितलं, अण्णांनी स्वतः लावून दिली.

पाचव्या दिवशी संध्याकाळी, पुढं उसाचा ट्रॅक्टर आला म्हणून त्यानं ब्रेक दाबला. मागच्या टेम्पोला ब्रेकचा दिवा दिसला नाही. लाल गाडी दोघांच्या मध्ये सापडली. त्याचा जीव वाचला, उजवा पाय दोन ठिकाणी मोडला.

मालकांना ते दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं. ते गाडी बघायला गॅरेजवर गेले आणि तासाभरानं परत आले. माझ्या काउंटरवर त्यांनी खिशातून काळसर कागदाचा एक तुकडा काढून ठेवला. लाल काचेचा चुरा अजून त्याला चिकटलेला होता. मी तुकड्याकडं बघत उभा राहिलो. त्यांनी चष्मा वर करून त्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "कोपरा गोल हाय."

 त्यांनी पुढं काही विचारलं नाही. "चल, दवाखान्यात जाऊन येऊ," एवढंच म्हणाले.

वॉर्डच्या दाराशी त्यांनी चप्पल काढली. पोराची आई कॉटजवळ बसली होती. अण्णा म्हणजे हेच, हे कळल्यावर ती उठून अंगावरच आली. "तुमीच व्हय ते? वय झालंय, अक्कल कुठं गेली? त्यो मागतोय म्हणून दिव्यावर काळं फासायचं? तुमच्या पोराच्या गाडीला लावलं असतं काय?" सगळा वॉर्ड बघायला लागला. मालक हात जोडून म्हणाले, "माझ्या गाळ्यात लावलं, आक्का. चुकलं." हे खोटं नव्हतं, गाळा त्यांचाच होता. पोरानं माझ्याकडं एकदा बघितलं आणि भिंतीकडं तोंड केलं. आईला आधी थाप मारून बसला होता, आता शब्द फिरवायला त्यालाही जड गेलं असावं. मी संत्र्यांची पिशवी हातात धरून उभा होतो. तोंड उघडायला तेवढी एकच वेळ बरोबर होती आणि मी उघडलं नाही. भ्यालो. त्याला दुसरं काही कारण नव्हतं.

परत येताना स्कूटर मी चालवत होतो, मालक मागं बसले होते. मी म्हटलं, "मालक, ते मी..." ते म्हणाले, "पुढं बघून चालव."

बातमी शिरोलीपासून बावड्यापर्यंत पसरायला दोन दिवस पुरले. काही लोकांनी मालकांकडं येणं सोडलं. त्याचं त्यांना फारसं वाटलं नाही. वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. पोरं येऊन म्हणायला लागली, "त्याला लावली तशी आमाला बी लावा की अण्णा." मालक त्यांना तेच वाक्य ऐकवायचे, मागच्याला विचारून ये. पूर्वी पोरं खाली मान घालून निघून जायची, आता एकमेकांकडं बघून हसायची. पाटीपुढं उभं राहून फोटो काढायची. आयुष्यभर एका माणसानं एक गोष्ट सांगितली आणि लोकांनी ती कुरकुरत का होईना ऐकली, ती ऐकणं थांबलं. ते माझ्यामुळं थांबलं. मी भिंतीपलीकडं बसून हे रोज ऐकत होतो आणि रोज ठरवत होतो, की उद्या सांगू.

मालकांचं माझ्याशी वागणं बदललं नाही. सकाळचा चहा तसाच यायचा. मशीन बंद करायला तसेच ओरडायचे. फक्त ट्रॉल्यांना लावायला माझी कात्रणं नेईनासे झाले. बाजारातून स्वतःचं रीळ आणलं होतं, तेच वापरायचे. मी एकदा कात्रणांचा गठ्ठा त्यांच्या बाकावर नेऊन ठेवला. तो चार दिवस तिथंच होता, मग मीच उचलून आणला.

पुढच्या वर्षी हंगाम संपता संपता त्यांना ताप आला. तीन दिवस घरी, दोन दिवस दवाखान्यात, आणि गेले. निपाणीजवळच्या गावी त्यांना लिंगायत रीतीनं बसवून माती दिली. पुण्याचा मुलगा आला होता. त्यानं टोपी काढली आणि ते टक्कल बघून मला एकदम रडू फुटलं. शेजारचे लोक म्हणाले, बघा, भाडेकरू असून किती जीव होता. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

नवव्या दिवशी मी बावड्यात त्या पोराच्या घरी गेलो. तो कामावर गेला होता. लंगडतो, भट्टीपुढं उभं राहता येत नाही म्हणून गेटवर बसवलाय. आई दारात तांदूळ निवडत होती. मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. पौर्णिमा, कागद, वीस मिनिटं, वॉर्ड. तिनं हातातलं सूप खाली ठेवलं. मला वाटलं, आता शिव्या देणार, आणि तेच बरं झालं असतं.

"म्हंजे तू व्हय," ती म्हणाली.

मी मान हलवली.

"म्हातारं दर गुरुवारी यायचं. पोराच्या पायाला तेल चोळून द्यायचं. मी पैल्यांदा दारातनं हाकललं, तरी यायचं. मग सवय झाली. जाताना उंबऱ्यापाशी थांबून दरवेळी इचारायचं, आक्का, कोण आलतं काय? मी म्हणायची, कोण येणार आमच्याकडं, न्हाय आलं. तर म्हणायचं, येईल की. मला वाटायचं, वयानं भरम झालाय."

मला विचारायचं नव्हतं, पण विचारलं. "शेवटच्या गुरुवारी पण?"

"व्हय की. अंगात ताप हुता, भिंतीला धरून उभं ऱ्हायलं. तवा बी त्येच इचारलं." तिनं सूप परत मांडीवर घेतलं. "मी काय सांगणार? न्हाय आलं कोण, म्हणलं."